खालच्या आळीचा सभात्याग

माझी बायको मालनबाई नेहमी बरोबर बोलते. हे मी कौतुक म्हणून नाही, तक्रार म्हणून सांगतोय. ती इतकं बरोबर आणि इतक्या मोठ्यानं बोलते, की समोरच्या माणसाला तिचं पटलं तरी तसं कबूल करायची चोरी होते. शाळेत भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण इतका कोरडा आणि इतका खरा प्रदेश मी नकाशावर कुठं दाखवल्याचं आठवत नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आमचं गाव चौसाळ्याच्या पुढं, हायवे सोडून आत. विहिरींचे तळ दिसत होते आणि टँकरचा हॉर्न वाजला की म्हातारी माणसंसुद्धा घागर घेऊन पळत होती. पाणी उरलं होतं ते एकाच ठिकाणी, महिला दूध संस्थेच्या बोअरला. तळहातावर नारळ ठेवून पाणाड्यानं दाखवलेल्या जागांवरचे गावातले सगळे बोअर कोरडे पडले. संस्थेचा बोअर मात्र कॅन धुण्यासाठी म्हणून, जागा रिकामी होती त्या कोपऱ्यात मारलेला. तेवढा चालू राहिला.

माणसांना टँकर होता. जनावरांचं काय करायचं, हा प्रश्न होता. चारा छावणी लांब होती आणि तिथं जनावरापाशी घरातल्या कुणीतरी मुक्कामाला राहावं लागायचं. माझे गुडघे गेलेले. त्यात आमची मैना गाभण, दिवस भरत आलेले. मैना म्हणजे आमची जरशी गाय. तिला जन्म देऊन तिची आई मेली, तेव्हा मालनबाईनं बाटलीनं दूध पाजून तिला वाढवलं होतं. टँकरच्या पाण्यात आमच्या दोघांचं भागवून तिच्या वाट्याला जेमतेम बादलीभर पाणी यायचं. बादली संपली तरी ती तळ चाटत राहायची आणि मालनबाई तोंड फिरवून उभी राहायची. शेवटी आम्ही ठरवलं की येत्या बाजाराला गाय नेकनूरला न्यायची. कुणीतरी पाणी असलेला माणूस घेईल, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. तसा माणूस त्या साली आमच्या जिल्ह्यात कुठं राहत होता, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

यातून वाट एकच होती. संस्थेच्या आवारात सिमेंटचा एक जुना हौद पडून होता. बोअरचं पाणी त्यात सोडायचं आणि सभासद बायकांची जनावरं तिथं पाजायची. मालनबाईनं हा ठराव सभेत दोनदा मांडला, मागच्या उन्हाळ्यात एकदा आणि यंदा एकदा. दोन्ही वेळा तो पडला.

का पडला, ते सांगायचं तर संस्थेचं राजकारण सांगावं लागेल. संस्थेच्या चेअरमन छबुबाई. गावातले मोठे शेतकरी अर्जुनराव यांच्या त्या पत्नी, वरच्या आळीच्या. आमची खालची आळी म्हणजे बौद्ध वस्ती आणि तिला लागून असलेली मजुरांची घरं. मागच्या निवडणुकीत मालनबाई छबुबाईंच्या विरोधात उभी राहिली आणि थोडक्यात पडली. तेव्हापासून मालनबाईनं काहीही मांडलं की वरची आळी विरोधात, आणि छबुबाईंनी काहीही मांडलं की खालची आळी विरोधात. एकदा मालनबाईनं साधी सूचना केली की सकाळी धारा असतात, तर सभा दुपारी घ्यावी. धारा काय, वरच्या आळीतही सकाळीच असतात. तरी सूचना पडली. त्यामुळं दोन्ही आळ्यांच्या बायका दर सभेला धारा अर्ध्यावर टाकून पळत येतात आणि एकमेकींकडं रागानं बघतात.

हौदाचा ठराव दुसऱ्यांदा आला तेव्हा वरच्या आळीतली एक बाई पुटपुटली, "समद्यांची जनावरं एकाच हौदावर कशी व्हायची?" मालनबाईनं ते ऐकलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "कावून? तुमच्या म्हशीला जात कळती व्हय?" सभा तिथंच संपली. ती बरोबर बोलली आणि ठराव पडला. बरोबर बोलून ठराव पाडण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

अशात आमची जाई सुटीवर आली. माझ्या आईचं नाव जाईबाई, तेच आम्ही पोरीला दिलं. ती परराष्ट्र खात्यात आहे, न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या कामावर. गावात विचारलं तर मी सांगायचो की जाई जगाच्या सभेत बसते. ती बसते की उभी राहते, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. ते विचारलं तिच्या आईनं.

"तू तिथं नेमकं काय करायलीस?" भाकरी थापता थापता मालनबाईनं विचारलं.

"मोजते," जाई म्हणाली. "ठरावाला कोण हो म्हणणार आणि कोण न्हाई म्हणणार, ते मतदानाच्या आधी मोजायचं. त्यासाठी दिवसभर हॉलच्या बाहेर उभं राहून एकेकाला गाठायचं. चहाच्या रांगेत, जिन्यात, लिफ्टपाशी."

मी तिच्या नोकरीविषयी गावात जे सांगत होतो, ते यापेक्षा बरंच भारदस्त होतं. पण मालनबाईला मात्र एकदम रस वाटला. तिनं तवा उतरवून ठेवला.

जाईनं सांगितलं की प्रत्येक देशापुढं बटणं असतात. बटण दाबलं की भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर देशाच्या नावापुढं दिवा लागतो. हो म्हणायचं तर हिरवा, नाही म्हणायचं तर लाल आणि तटस्थ राहायचं असलं तर पिवळा.

"तटस्थ म्हंजी?"

"म्हंजी मी इथं हाय, पण मला यात ओढू नका."

"आन आपला देश?"

"आपलाही कधी कधी पिवळा असतो."

"कावून? आपल्याला तोंड हाय की," मालनबाई म्हणाली. तिला पिवळा दिवा अजिबात आवडला नाही. मग तिनं विचारलं, "ठरावात लिवलंय काय, ते कुणी वाचतंय का न्हाई?"

"वाचतात. पण त्याच्या आधी बघतात की ठराव आणलाय कुणी. दोन देशांचं वाकडं असलं ना आई, तर एकानं पाऊस पडावा असा ठराव आणला तरी दुसरा लाल बटण दाबतो. आणि त्यांच्या मागचे बारके देश त्यांचा दिवा बघून आपला दाबतात. कितीकांना मनातून तो ठराव पाहिजे असतो. पण त्याच्यासोबत आपला दिवा दिसला, तर घरी काय सांगायचं?"

एवढे कोटबूट घातलेले लोक आणि त्यांची रीत आमच्या दूध संस्थेसारखीच, हे ऐकून मला फार बरं वाटलं. वर्षानुवर्षं मला वाटत होतं की आमचंच गाव बिघडलेलं आहे.

मग हौदाची सगळी हकीकत मी जाईला सांगितली. तिनं ऐकून घेतलं, बाहेर जाऊन मैनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत येऊन म्हणाली, "आई, तुझा ठराव चांगला हाय. त्यात एकच खोट हाय. त्यो तुझा हाय."

"मंग कुणाचा पायजे?"

"ज्याचं कुणाशी वाकडं न्हाई असा बारका देश शोधायचा. ठराव त्यानं मांडायचा. तू मधी दिसायचंच न्हाई."

मालनबाईनं भाकरीचं पीठ हातावरून झटकलं. "म्हंजी दोन वर्षं मी भांडले, आन आता म्हणायचं ह्यो ठराव माझा न्हाई?"

"तुला ठराव पाहिजे का पाणी?"

"दोनी."

इथं मला सांगितलं पाहिजे की हा नुसता तिचा हट्ट नव्हता. माझ्या आईनं लहानपणी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेलून प्यायलं होतं. छप्पन साली धम्म घेतल्यावर तिनं ते सोडलं. पुढं कितीही तहान लागली तरी तिनं कुणापुढं ओंजळ धरली नाही. मालनबाई सून म्हणून आली ती या घरात. पाणी मागायचं ते हक्कानं, आपल्या नावानं आणि उभं राहून, हे ती माझ्या आईकडून शिकली. दुसऱ्याच्या आडून पाणी आणायचं म्हणजे तिला ओंजळच पुढं केल्यासारखं वाटत होतं. ते तिनं तसंच बोलून दाखवलं.

जाईनं आईचे पिठाचे हात धरले. "आई, आपण कुणाला मागत न्हाई. संस्था आपली हाय, बोअर आपला हाय. आपण फक्त त्यांना हात वर करायला जागा करून द्यायलोय. त्यांची जनावरं बी तहानेलीच हायेत." मालनबाईनं हात सोडवून तवा पुन्हा चुलीवर ठेवला. मग मालनबाई म्हणाली, "सुंदरबाईकडं जाऊ."

सुंदरबाई म्हणजे धुळाजी धनगराची बायको. माळावर त्यांचं घर. तिच्या दोन म्हशींचं दूध संस्थेला येतं, म्हणून ती सभासद. सुगी झाली की धुळाजीच्या मेंढ्या खतासाठी शेतात बसवायला वरची आळीही बोलावते आणि खालचीही. त्यामुळं या बाईला दोन्हीकडं चहा मिळतो आणि ती दोन्हीकडं गप्प असते. संस्थेच्या सभेत ती कोपऱ्यात बसते आणि हात अर्धा वर करते, म्हणजे कुणाला काय समजायचं ते समजावं.

"मला कावून मधी घालायलीत?" सुंदरबाई आधी म्हणाली. "मला दोनीकडं मेंढ्या बसवायच्यात." पण तिच्या दावणीला म्हशी होत्या आणि त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. ती त्यांच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "काय बोलायचं ते सांगा. लई लांबडं नका सांगू."

जाईनं ठराव लहान केला. संस्थेचे कॅन धुऊन पाणी उरल्यास, उरेल तोपर्यंत, सभासदांची जनावरं हौदावर पाजावीत.

"उरल्यास कावून?" मालनबाई लगेच म्हणाली. "उरतंयच की."

"त्यो शब्द छबुबाईंसाठी हाय. बोअर आटला तर संस्था बंद पडंल, ही त्यांची भीती खोटी न्हाई. त्यांना घरी सांगता आलं पाहिजे की आमी बघून घेतलं."

मालनबाईनं तो शब्द कडू औषध गिळावं तसा गिळला. त्यानंतर सुंदरबाई एकटीच छबुबाईंच्या घरी जाऊन आली. छबुबाईंनी म्हणे एकच विचारलं, "हे मालनबाईचं डोकं न्हाई ना?" सुंदरबाई म्हणाली, "मला तहानेल्या म्हशी हायेत. मला कुणाचं डोकं कशाला लागतंय?" ही बाई न्यूयॉर्कला असती तर आमच्या जाईची नोकरी गेली असती.

सभा नेकनूरच्या बाजाराच्या आदल्या दिवशी होती. मैनेला न्यायला मी पिकअप सांगून ठेवली होती. ठराव पडला तर सकाळी गाय जाणार, हे ठरलेलं होतं. त्या दिवशी मालनबाईनं धार काढली नाही, गाय आटलेलीच होती, पण ती नेहमीच्या वेळी गोठ्यात जाऊन बसली आणि सभेच्या वेळेला उठली.

संस्था बायकांची, त्यामुळं पुरुषांना आत मज्जाव, आणि जाई सभासद नव्हती. मी, जाई आणि धुळाजी खिडकीखाली लिंबाच्या सावलीत बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. अर्जुनराव त्यांच्या जीपमध्ये दार उघडं टाकून बसले होते, तेही ऐकायलाच. हजेरीच्या सह्या झाल्या, मागच्या सभेचं वाचन झालं, आणि मग सुंदरबाईचा आवाज आला. तिनं ठराव एका दमात म्हणून टाकला. "कॅन धुऊन पाणी उरल्यास" हे शब्द तिनं इतके जोरात म्हटले की जाईनं डोळे मिटून मान डोलावली.

आत कुजबुज झाली. पण ती रागाची नव्हती. वरच्या आळीतली एक बाई म्हणाली की ठराव काही वाईट नाही. दुसरी म्हणाली, बघून घ्यायला हरकत नाही. आता छबुबाईंनी हात वर करायला सांगायचं, एवढंच उरलं होतं.

त्यांनी ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "मालनबाईचं काय म्हणणं?"

जाईनं माझा दंड धरला. "बाबा, ह्याचा इचारच केला न्हाई आपण," ती म्हणाली. ती न्यूयॉर्कहून आलेली पोर घाबरल्यावर पार गावची झाली. अडचण मलाही कळली. मालनबाई हो म्हणाली, तर वरची आळी तिच्या उलट जाणार. नाही म्हणाली, तर वरची आळी कदाचित येईल, पण आपली खालची आळी तिच्या मागं जाऊन नाही म्हणणार, आणि ठराव तसाही पडणार. गप्प बसावं, तर मालनबाई गप्प आहे म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आत सगळ्या बायका तिच्याकडं बघत असणार. तिचा दिवा लागायची वाट बघत असणार.

"मला तहान लागलीया," मालनबाईचा आवाज आला. "मी पाणी पिऊन येते. तुमचं चालू द्या."

दार उघडून ती बाहेर आली. ओसरीवरच्या माठाकडं गेली, पेला घेतला. जाईच्या तोंडून "वा, आई" एवढं निघालं आणि तेवढ्यात दारातून आमची गीताबाई बाहेर पडली. गीताबाई आमची शेजारीण, मालनबाईच्या शब्दाबाहेर नसलेली. तिच्या मागं तिची जाऊ. तिच्या मागं आणखी एक. बघता बघता खालची आळी सगळीच्या सगळी पदर खोचून ओसरीवर आली. चपलांचा हा गलका.

"तुमी कावून आल्या?" मालनबाईच्या हातातला पेला तसाच राहिला.

"सभात्याग," गीताबाई म्हणाली. ती रोज टीव्हीवर बातम्या बघते. "तुमी उठल्या, मंग आमी काय बसून ऱ्हायचं?"

"आगं मी पाणी प्यायला आलते. जा माघारी. तुमची मतं आत लागणार हायेत."

"सभात्याग करून लगीच माघारी गेलं तर आपली काय अब्रू ऱ्हाईल?" गीताबाई म्हणाली आणि ओसरीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसली. बाकीच्याही बसल्या. इतकी निष्ठा मी आयुष्यात पाहिली नाही आणि इतका राग मला कुणाच्या निष्ठेचा कधी आला नाही. ठरावाची अर्धी मतं ओसरीवर बसून पदरानं वारा घेत होती. मालनबाईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावरचं सगळं अवसान गेलं होतं. मला पिकअप आठवली.

जीपमधून अर्जुनराव उतरले. ते सोसायटीत, कारखान्यात, सगळ्या सभांत मुरलेले. खिडकीपाशी येऊन त्यांनी आत आवाज दिला, "अगं, निम्मी सभा उठून गेलीय. कोरमचं झंझट होईल. तहकूब करा, पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात मैना कुठं असणार होती? मी उभा राहिलो. काय बोलणार होतो, मला माहीत नव्हतं. गुडघ्यानं कळ मारली आणि मी लिंबाला धरलं.

"सह्या आधीच झाल्यात," छबुबाईंचा आवाज आला. "आन तुमी मेंबर न्हाई. गाडीत बसा."

अर्जुनराव थोडा वेळ तिथंच थांबले, खिडकीच्या गजांवरून बोट फिरवलं आणि जाऊन गाडीत बसले. त्यांनी दारही ओढून घेतलं.

आत आता वरची आळी होती आणि कोपऱ्यात सुंदरबाई. मग तीच बाई बोलली, जी मागं एका हौदावर सगळी जनावरं कशी म्हणाली होती. तिचा आवाज मी ओळखला. ती म्हणाली, "माझी कालवड काल गटारीत तोंड घालीत होती. आता हितं कुणाला दावायचंय? करा की हात वर."

बांगड्या वाजल्या. पुष्कळ बांगड्या वाजल्या.

"इरोधात कुणी?" छबुबाईंनी विचारलं. विरोध करायची सवय असलेल्या सगळ्या बाहेर कट्ट्यावर बसल्या होत्या आणि त्यांना विरोध करायची सवय असलेल्या आत. कुणीच बोललं नाही. "मंग सर्वानुमते," छबुबाई म्हणाल्या.

मी जिथं उभा होतो तिथंच खाली बसलो. धुळाजीनं डोक्याचा पटका काढून तोंड पुसलं. जाई हसत होती आणि तिचे गाल ओले झाले होते. ती म्हणाली, "बाबा, मी इतक्या वेळा बेरीज केली. असं होईल असं एकदा बी आलं न्हाई मनात." ओसरीवर मालनबाईनं हातातला पेला तोंडाला लावला आणि घटाघटा पाणी प्यायलं. तहान तिला खरंच लागली असावी.

सभा सुटली. बायका बाहेर आल्या. आतल्या बायका आणि ओसरीवरच्या बायका एकमेकींसमोर आल्या आणि कुणाला कसं बघावं ते कळेना. गीताबाईनं विचारलं, "काय झालं?" सुंदरबाई म्हणाली, "झालं." आणि ती नेहमीसारखी कुणाकडंही न बघता म्हशींना आणायला माळाकडं चालती झाली.

सगळ्यात शेवटी छबुबाई आल्या. त्या सरळ मालनबाईपुढं येऊन उभ्या राहिल्या. दोघी इतक्या जवळ निवडणुकीनंतर पहिल्यांदाच उभ्या होत्या. छबुबाईंनी कमरेची चावी काढली. बोअरच्या मोटारीची.

"ही तुमच्यापाशी ठिवा."

"मला कावून?" मालनबाई म्हणाली. "ठराव सुंदरबाईचा हाय."

"सुंदरबाई आजवर सभेत एक शब्द बोलली न्हाई. ती एकदम 'उरल्यास' म्हणायली. मला काय कळंना व्हय?" छबुबाई हळू आवाजात म्हणाल्या. "चावी माझ्या आळीत ठिवली तर समद्या माझ्या नात्यातल्या. पाणी सांडलं तरी मला कुणाला बोलता येणार न्हाई. तुमाला येतंय."

"आन तुमच्याच म्हशीनं सांडलं तर?"

"तर मला बोला. तसं बी बोलताच की."

मालनबाईनं चावी घेतली. लगेच पदराच्या टोकाला बांधली. मग तिनं मान वर केली, आणि मला भीती वाटली की ही आता काहीतरी बरोबर बोलणार. "छबुबाई," ती म्हणाली, "पुढल्या निवडणुकीला मी तुमच्या इरोधात उभी ऱ्हाणार हाय. ह्या चावीनं त्यात फरक पडणार न्हाई."

"ऱ्हावा की," छबुबाई म्हणाल्या. "तुमी न्हाई ऱ्हायल्या तर आमच्या बायांनी कुणाचं तोंड बघून हात खाली ठिवायचा?"

दोघीही हसल्या नाहीत. पण छबुबाई जीपकडं निघाल्या, तेव्हा मालनबाई त्यांना म्हणाली, "तुमच्या म्हशी घेऊन या सांजच्याला. हौद धुऊन ठिवते."

हौद धुवायला खालची आळी थांबलीच, वरच्या आळीतल्याही काही बायका पदर खोचून थांबल्या. सभात्याग करून इतकं काम केलेले सभासद जगात दुसरीकडं नसतील, असं जाई म्हणाली. मी पिकअपवाल्याला फोन लावून सकाळी येऊ नकोस म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं. मला ते नीट सांगता येईना. मी म्हटलं, बायका ऐकेनात.

आम्ही तिघं घरी निघालो. जाई पुढं चालत होती, फोनवर कुणाला तरी इंग्रजीत ही हकीकत सांगत. मालनबाई माझ्यासोबत हळू चालत होती. मला वाटलं, आता ती गीताबाईला शिव्या घालेल, छबुबाईंचा एखादा शब्द धरून बसेल. पण आमच्या आळीच्या वळणावर ती रस्त्यातच थांबली आणि कडेच्या दगडावर बसली.

"गाय ऱ्हायली, अवो," ती म्हणाली.

आणि दोन वर्षं सभेत उभी राहून, एकदाही डोळ्याला पदर न लावता भांडलेली माझी बायको भर रस्त्यात मोठ्यानं रडायला लागली. येणारे जाणारे बघत होते. मी तिला गप्प केलं नाही. मी तिच्या शेजारी बसलो. दगडावर जागा थोडी होती, ती सरकली.